डूलॅली टॅप

डूलॅली टॅप : ब्रिटिश इंग्रजीतील बोलभाषेचा वाक्प्रचार. अर्थ : डोके फिरलेला, भ्रमिष्ट, विचित्र वागू लागलेला. नाशिकजवळच्या देवळाली या गावाच्या नावावरून तो ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत रूढ झाला. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘तो डूलॅली झाला’ एवढेच म्हटले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये हा शब्द आजही घरोघरी ऐकू येतो, मात्र तो एका मराठी गावाचे नाव आहे हे बोलणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. (अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवराचा या वाक्प्रचाराशी संबंध नाही.)

इंग्रजी जिभेला ‘ळ’ जमत नाही. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांना एकच अक्षर, त्यामुळे देवळालीचे आधी ‘देओलाली’ झाले आणि बराकीत त्याचे ‘डूलॅली’ झाले. ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. हिंदुस्तानीतला हा शब्द गोऱ्या शिपायांच्या रोजच्या कानावरचा होता, कारण हिवतापाने छावण्या नेहमीच बेजार असत. हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात वाढतात हे रोनल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवले, तोवर हा रोग कसा पसरतो हेही कुणाला नीट माहीत नव्हते. तेव्हा डूलॅली टॅप म्हणजे शब्दशः ‘देवळालीचा ताप’. मराठीत आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो तो त्रासाच्या अर्थाने. शिपायांचा हा ताप मात्र डोक्यातच चढलेला होता.

ही वेळ देवळालीवर का आली, हे समजण्यासाठी तेव्हाचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा लागतो. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई बंदर ते नाशिकचे पठार हा रस्ता लष्कराला सोपा झाला. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवर, घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत असलेल्या देवळालीत लष्कराची संक्रमण छावणी होती. इंग्लंडहून आलेल्या पलटणी इथे थांबून पुढे देशभर जात आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजासाठी इथेच जमा होत. १८७० च्या कायद्याने ब्रिटिश सैन्यात अल्प मुदतीची भरती सुरू झाली. सुरुवातीला सहा वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि सहा वर्षे राखीव दलात, अशी ही मुदत होती. त्यामुळे दरवर्षी घरी परतणाऱ्यांची संख्या मोठी असे.

परतीची जहाजे मात्र बारा महिने नसत. पावसाळा आणि तांबड्या समुद्रावरचा उन्हाळा टाळण्यासाठी सैन्य नेणारी जहाजे साधारण हिवाळ्यातच ये-जा करीत. या कामासाठी १८६६ च्या सुमारास ‘क्रोकोडाइल’, ‘युफ्रेटिस’, ‘जमना’, ‘मलबार’ आणि ‘सेरापिस’ ही पाच जहाजे बांधली होती. ज्याची मुदत शेवटचे जहाज सुटल्यावर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहावे लागे. त्याच्या हाती बंदूक नसे आणि काम जवळपास काहीच नसे. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांब कूच, बाकी दिवसभर ऊन आणि दारू. अनेक वर्षे शिस्तीत काढलेला माणूस इथे येऊन भांडणात सापडे, तुरुंगात जाई किंवा गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडे. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ साली आपल्या आठवणींत या छावणीचे असेच वर्णन केले आहे आणि तिथल्या कंटाळ्यातूनच ही म्हण निघाली असावी असे मत दिले आहे. छावणीत राहिलेल्या माणसाची ही साक्ष असल्याने तिला वजन आहे. घर समोर दिसत असताना महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणे ही शिक्षाच होती. या शब्दामागे खऱ्याखुऱ्या माणसांचे हाल आहेत, हे तो गमतीने वापरतानाही विसरू नये.

छापील कोशात हा वाक्प्रचार १९२५ सालच्या सैनिकी शब्दांच्या संग्रहात मिळतो आणि तिथे तो जुन्या लष्कराचा शब्द म्हणून नोंदला आहे. म्हणजे बोलण्यात तो त्याच्या बराच आधीपासून असणार. पहिल्या महायुद्धाने असे अनेक बराकी शब्द सामान्य इंग्रज घरांत नेले. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले, म्हणजे मायदेश. ‘देखो’चे ‘डेको’ झाले, म्हणजे एक नजर. आरामाच्या नोकरीला म्हणतात तो ‘कुशी’ शब्द ‘खूश’वरून आला. डूलॅली याच कुळातला आहे.

गावाचे नाव वेडाला चिकटण्याची खोड इंग्रजीपुरती नाही. लंडनमध्ये १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेम मठाचे पुढे मनोरुग्णालय झाले आणि त्याच्या नावाच्या अपभ्रंशातून ‘बेडलम’, म्हणजे नुसता गोंधळ, हा शब्द आला. ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’ असे मराठीत म्हणतात, तेही तिथल्या मनोरुग्णालयांमुळेच. देवळालीचे वेगळेपण असे की तिची ख्याती उलट चांगल्या हवेसाठी आहे. मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबे दुखण्यातून उठल्यावर तिथल्या आरोग्यधामांत राहायला जात. दोष गावाच्या हवेत नव्हता, जहाजांच्या वेळापत्रकात होता.

याच इंग्लंड-हिंदुस्थान सागरी मार्गाच्या नावावर खपवली जाणारी दुसरी एक व्युत्पत्ती मात्र खोटी आहे. मराठीतही रुळलेला ‘पॉश’ हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांचा असल्याचे सांगतात. जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची खोली घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटांवर ही अक्षरे छापत, अशी कथा आहे. असे एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. डूलॅलीच्या बाजूने छावणी, हंगाम आणि प्रत्यक्ष राहिलेल्याची साक्ष आहे. पॉशच्या बाजूने फक्त गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धातही देवळालीत ब्रिटिश तोफखान्याचे तळ होते. १९७४ साली बीबीसीवर सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेची कथा सुरुवातीला याच छावणीत घडते. आज तिथे भारतीय लष्कराची स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, आणि नाशिककर त्या भागाला आजही ‘देवळाली कॅम्प’ म्हणतात.