मोटरसायकलवर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवणे

इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात जळते आहे, हे धुरावरून ओळखण्यासाठी मोटरसायकलच्या बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या पाइपमध्ये, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवतात. सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदलला, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला की कंपनीने जुळवलेले मिश्रण बिघडते. ते पुन्हा जुळवताना, मग गाडी कार्ब्युरेटरची असो वा फ्युएल इंजेक्शनची, या सेन्सरचा आकडा हाताशी असावा लागतो. पूर्वी फिटर प्लगचा रंग पाहून मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) ठरवत. मात्र रंग जमायला वेळ लागतो आणि तो कोणत्या थ्रॉटलला जमला हे कळत नाही. वाइडबँड दर क्षणाचे प्रमाण सांगतो.

हे प्रमाण लॅम्डा या एककात मोजतात. पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा असेल तर लॅम्डा १. त्याहून कमी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), जास्त म्हणजे लीन (हवा जास्त). शुद्ध पेट्रोलसाठी लॅम्डा १ म्हणजे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल. बॉश कंपनीचा पहिला लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत आला. तो नॅरोबँड होता. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर आल्या आणि त्यांना ऑक्सिजन सेन्सर कंपनीतूनच येऊ लागला, तोही नॅरोबँडच. लॅम्डा १ पेक्षा कमी असताना तो सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो, जास्त असताना सुमारे ०.१ व्होल्ट. मिश्रण रिच आहे की लीन एवढे तो सांगतो. किती, ते सांगत नाही. इंजिन पूर्ण ताकद देते ते साधारण ०.८६ ते ०.९० लॅम्डाला, आणि नेमक्या तिथे नॅरोबँड निरुपयोगी ठरतो.

वाइडबँडमध्ये झिर्कोनिया सिरॅमिकचे दोन घटक असतात आणि त्यांच्यामध्ये एक अतिशय लहान पोकळी. धूर सूक्ष्म छिद्रातून तिथे झिरपतो. पहिला घटक पोकळीतला ऑक्सिजन तपासतो. दुसरा ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलतो. पहिल्या घटकाचे व्होल्टेज ०.४५ वर टिकावे म्हणून सेन्सरला जोडलेला कंट्रोलर दुसऱ्यातून हवा तेवढा प्रवाह सोडत राहतो. हा प्रवाह किती आणि कोणत्या दिशेने, त्यावरून लॅम्डा निघतो. ट्यूनिंगच्या कामात सर्रास वापरला जाणारा बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर काम करतो आणि त्यासाठी त्याच्या आत हीटर असतो.

बसवण्याच्या कामात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते: हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन पाहतो. त्या ऑक्सिजनमध्ये बाहेरची हवा मिसळली तर आकडा लीन दाखवणार, आणि ट्यून करणारा नसलेला लीनपणा घालवायला पेट्रोल वाढवत बसणार. म्हणून सेन्सरसाठी पाइपला भोक पाडण्याआधी सायलेन्सरचे सगळे जोड तपासावेत. हेडजवळची फुटलेली गॅस्केट पुरेशी असते. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाइपमधला दाब कमी होतो आणि तिथून हवा आत खेचली जाते. बऱ्याच गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारी झडप असते. ट्यूनिंग होईपर्यंत तिची नळी बंद करावी आणि काम झाल्यावर न विसरता पूर्ववत जोडावी. गाडी मिसिंग करत असेल तरीही आकडा लीनकडेच जातो, कारण न जळलेल्या ठोक्यातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. अशा वेळी जेट बदलण्याआधी प्लग, कॉइल आणि वायर पाहणे शहाणपणाचे.

जागेची निवडही यातूनच ठरते. एक सिलिंडर आणि आखूड सायलेन्सर असलेल्या गाडीत कमी आरपीएमला टोकाकडून हवा उलटी आत शिरते, त्यामुळे नळकांड्याच्या टोकात अडकवलेल्या सेन्सरवर, विशेषतः स्लो रेसला (थ्रॉटल सोडून इंजिन नुसते चालू असताना), भरवसा ठेवू नये. अगदी हेडला लागून बसवला तर तो जास्त तापतो. बेंड पाइप वळून इंजिनाखाली येतो तो भाग, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, ही बहुतेक गाड्यांत बरी जागा. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही पाइप एकत्र येतात तिथे फक्त सरासरी मिळते. एक सिलिंडर लीन आणि दुसरा रिच असला तर ते तिथे लपून जाते. शक्य असेल तर प्रत्येक पाइपला वेगळी जागा करावी.

सेन्सरचे आटे १८ मिमी व्यासाचे आणि १.५ मिमी पिचचे असतात. मोटरसायकलींच्या मूळ सेन्सरचे अनेकदा त्याहून लहान, म्हणून तीच जागा वापरता येईलच असे नाही. त्या मापाचे आटे असलेला स्टीलचा बुश पाइपवर आर्गॉन वेल्डिंगने बसवतात. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी, ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) कनेक्टर सोडवावा आणि बुशमध्ये जुना बोल्ट आवळून ठेवावा, नाहीतर उष्णतेने आटे वाकतात. बुश पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात असावा. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर उचललेला आणि त्याचे टोक खालच्या बाजूला असेल, अशा बेताने कोन धरतात. थंड पाइपमध्ये धुरातल्या वाफेचे पाणी होऊन साचते; ते तापलेल्या सिरॅमिकवर पडले की तडा जातो. याच कारणाने इंजिन सुरू झाल्यावरच हीटर चालू व्हावा अशी जोडणी करतात. उलट, हीटर बंद ठेवून सेन्सर चालत्या गाडीत नुसता अडकवून ठेवला तर त्यावर काजळी बसते आणि तो वाया जातो. शिसे असलेले रेसिंग पेट्रोल आणि सिलिकॉनचे साधे सीलंटही त्याला मारक.

वायरिंगमध्ये दोन ठिकाणी फसगत होते. हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर ओढतो. जुन्या गाड्यांचा अल्टरनेटर आधीच दुबळा असतो, तेव्हा वीज रिले आणि फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घ्यावी. दुसरी गोष्ट अर्थिंगची. कंट्रोलर शून्य ते पाच व्होल्टचा संदेश देतो. समजा या पट्ट्यात हवा-पेट्रोलाचे १० ते २० हे प्रमाण बसवले आहे. तर अर्थिंगमधला केवळ ०.१ व्होल्टचा फरक आकडा ०.२ ने हलवतो. कंट्रोलर आणि ईसीयू किंवा नोंद घेणारे यंत्र यांची अर्थिंग एकाच बिंदूवर घ्यावी.

आकडे वाचताना इथेनॉल विसरून चालत नाही. भारतात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्याचे लॅम्डा १ चे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. मीटर मात्र १४.७ धरूनच गुणाकार करतो. त्यावरचे १३ म्हणजे लॅम्डा ०.८८, मग टाकीत काहीही असो. गोंधळ टाळायचा तर मीटर लॅम्डावर ठेवणे सर्वांत उत्तम. शुद्ध पेट्रोलवर जेट जुळवलेला जुना कार्ब्युरेटर या इंधनावर आपोआप लीन होतो, हे वाइडबँड लावताच दिसते. घाटात उलटे घडते: मुंबईत जुळवलेला साधा कार्ब्युरेटर सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला विरळ हवेमुळे रिच होतो.

कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पायलट जेट, मधल्या टप्प्यात नीडल आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेट पेट्रोल ठरवतो. त्यामुळे लॅम्डाबरोबर थ्रॉटलची आणि आरपीएमची नोंद नसेल तर कोणता जेट बदलायचा ते कळत नाही. इंजेक्शनच्या गाडीत मूळ सेन्सर चालू असताना संथ वेगाच्या भागातले पेट्रोलचे आकडे बदलून काही होत नाही. ईसीयू पुन्हा लॅम्डा १ कडे ओढतो. आणि मीटर कितीही चांगला असला तरी इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी केव्हा पडते ते, त्याला दिसत नाही. लॅम्डा योग्य असूनही चढावर इंजिन ठोके देत असेल (नॉकिंग) तर दोष दुसरीकडे शोधावा.

पीयूसी तपासणीत दुचाकीच्या स्लो रेसचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, त्यामुळे ट्यूनिंगच्या शेवटी स्लो रेसचा लॅम्डा जरूर पाहावा. काम संपल्यावर सेन्सर काढून बुशला बोल्ट लावतात. पुढच्या वापराआधी सेन्सर मोकळ्या हवेत गरम करून पाहावा: २०.९ टक्के ऑक्सिजन दाखवला नाही आणि कॅलिब्रेशननंतरही फरक पडला नाही, तर नवा घ्यावा.