हिरड्यातले दोन हायड्रोजन

कणकवलीजवळ हमरस्त्यालगतच्या एका दुकानात पाटी दिसली: ‘हिरडा चूर्ण, १०० टक्के केमिकलमुक्त’. ती वाचून हे लिहायला बसलो. हिरड्याचा तुरटपणा हीच केमिकलची चव आहे, आणि कोकणात ती पोराटोरांनाही ठाऊक असते. काजूचा बोंडू चावला की जीभ आखडते, घसा धरतो. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं. दोन्ही कामं टॅनिनची. ते लाळेतली प्रथिनं पकडून त्यांचा साका करतं आणि लोखंडाशी जुळून निळा-काळा रंग देतं. नायलॉन येण्याआधी सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवत, तीही याच टॅनिनसाठी, जाळं लवकर कुजू नये म्हणून.

टॅनिनं अनेक असतात. ती सुटी करायची तर उकळून चालत नाही, उष्णतेने रेणू तुटतात. म्हणून हिरड्याची भुकटी ७० टक्के ॲसिटोन आणि ३० टक्के पाण्यात थंडच भिजवतात. ॲसिटोनमुळे प्रथिनांना चिकटलेलं टॅनिनही सुटतं. मग ॲसिटोन उडवून उरलेला अर्क सेफाडेक्स नावाच्या, साखरेच्या साखळ्यांपासून बनवलेल्या जेलच्या मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळीतून सोडतात. अल्कोहोलने धुतलं की साखर आणि किरकोळ रेणू वाहून जातात. टॅनिन मण्यांना धरून बसतं आणि पुन्हा पाणी-ॲसिटोन ओतल्यावरच खाली येतं.

आता ओळख पटवायची. हिरड्यात चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक अशी दोन आम्लं आहेत, दोन्ही टॅनिनंच. रेणुभार ९५६ आणि ९५४. फरक फक्त दोन हायड्रोजनचा! दोन्हींत मधोमध ग्लुकोज आणि त्याला लटकलेली गॅलिक आम्लं. चेब्युलॅजिकमध्ये त्यांतल्या दोघांनी एकेक हायड्रोजन सोडून हातात हात घातलेले असतात. गॅलिक आम्लाचा रेणुभार १७०. दोन मिळून ३४०, दोन हायड्रोजन गेले की ३३८. रेणू आम्लात उकळून फोडला की ही जोडी ग्लुकोजपासून सुटते आणि लगेच पाण्याचे दोन रेणू, म्हणजे ३६, टाकून एलॅजिक आम्ल होते: ३०२. चेब्युलिनिकमध्ये अशी जोडीच नाही, त्यामुळे ते फोडलं तर एलॅजिक आम्ल मिळत नाही. इतकं मोठं रेणूचं घर, आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडली आहे की नाही हे बाहेरून कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ओक वृक्षाच्या टॅनिनमध्ये हे आणखी अवघड होतं. तिथली व्हेस्कॅलॅजिन आणि कॅस्टॅलॅजिन दोन्ही ९३४ची. एका कार्बनवरचा ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) कोणत्या बाजूला वळलाय, एवढाच फरक. वजन करून तो दिसत नाही. नळीतून दोन्ही वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात म्हणून ती दोन आहेत एवढं कळतं, आणि कोणती कुठली हे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंची मांडणी वाचणारं तंत्र, सांगतं.