वर्ज्य स्वर

हिंदुस्थानी संगीतात एखाद्या रागाच्या आरोहात (चढत्या स्वरक्रमात), अवरोहात (उतरत्या स्वरक्रमात) किंवा दोहोंत जो स्वर हेतुतः टाळला जातो, त्यास त्या रागाचा वर्ज्य स्वर म्हणतात. मालकंसात रिषभ व पंचम, भूपात मध्यम व निषाद, तर मारव्यात पंचम वर्ज्य आहे. भीमपलासीत रिषभ व धैवत केवळ आरोहात वर्ज्य असून अवरोह संपूर्ण आहे. उरलेल्या स्वरसंख्येवरून औडव (पाच स्वर), षाडव (सहा) व संपूर्ण (सात) या जाती ठरतात.

वर्ज्यत्वाचे नियम आज संगीतवर्गांत ज्या रूपात शिकवले जातात, ते बव्हंशी मुंबईत घडले. वाळकेश्वर येथे जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी वकिली करीत असताना गायन उत्तेजक मंडळी या संगीतसंस्थेच्या सहवासात व पुढे देशभर हिंडून बंदिशी जमवल्या आणि प्रचलित गायकीचे नियम बांधले. रागात किमान पाच स्वर असावेत, षड्ज कधीही वर्ज्य नसावा आणि मध्यम व पंचम एकाच वेळी वर्ज्य नसावेत, हे त्यांतील प्रमुख होत. एका थाटातून, म्हणजे सात स्वरांच्या मूळ साच्यातून, ४८४ राग संभवतात हे प्रसिद्ध गणित षड्ज सोडून उरलेल्या सहा स्वरांतून एक वा दोन गाळण्यावर उभे आहे. मात्र त्यात मध्यम व पंचम दोन्ही गाळलेल्या जोड्याही मोजल्या जातात, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

षड्जाच्या अवर्ज्यत्वाचा उगम वादग्रस्त आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात (साधारणतः इ.स.पू. दुसरे ते इ.स. तिसरे शतक) लोप न पावणारा स्वर मध्यम आहे, षड्ज नव्हे. त्यातील ८४ तानांपैकी (इथे तान म्हणजे एक वा दोन स्वर गाळलेला स्वरक्रम) ४९ षाडव व ३५ औडव असून, ग्राम या प्राचीन स्वररचनांपैकी षड्जग्रामात षड्ज, रिषभ, पंचम व निषाद यांपैकी एकेक, तर मध्यमग्रामात षड्ज, रिषभ व गांधार यांपैकी एकेक गाळून षाडव ताना सिद्ध होतात. म्हणजे ज्या मध्यमाचा लोप भरतपरंपरेत निषिद्ध होता, तोच आजच्या भूपात वर्ज्य आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकरातही या ताना आढळतात; परंतु ती तत्कालीन प्रघाताची नोंद की पूर्वपरंपरेची पुनरुक्ती, हे ठरवणे कठीण आहे. काही अभ्यासक मध्यमाऐवजी षड्ज अवर्ज्य होण्याचा हा बदल तंबोऱ्याच्या प्रसाराशी जोडतात. इतरांच्या मते ग्राम-मूर्च्छना पद्धती (ग्रामातील वेगवेगळ्या स्वरांपासून स्वरक्रम सुरू करण्याची रीत) मागे पडून सर्व राग एकाच आधारस्वरावरून गायिले जाऊ लागल्याने षड्ज अचल झाला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तंबोऱ्याचा अखंड षड्ज उपयोगी पडण्यासाठी तो आधारस्वर आधी निश्चित झालेला असणे आवश्यक आहे.

वर्ज्य व विवादी (रागाशी विसंगत मानलेला स्वर) या संज्ञा अनेकदा समानार्थी वापरल्या जातात, पण ते सैल आहे. बिहागातील तीव्र मध्यम किंवा केदारातील कोमल निषाद विवादी असूनही रंजकतेसाठी अल्प प्रमाणात घेतला जातो. भूपात निषादावर मात्र क्षणभरही थांबता येत नाही. भरताने अल्पत्वाचे, म्हणजे स्वराच्या अल्प वापराचे, लंघन व अनभ्यास असे जे दोन प्रकार सांगितले, त्यांतील लंघन, म्हणजे स्वर ओलांडून जाणे, इथे विशेष उपयोगी आहे. शुद्ध कल्याणाचा आरोह भूपासारखाच असतो, पण अवरोहात तार षड्जावरून धैवतावर येताना निषाद आणि पंचमावरून गांधारावर येताना तीव्र मध्यम मींडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, ओझरता लागतो. भूपातही पंचम-गांधाराची मींड घेतली जाते व गळा मधल्या नादांवरून जातोच. तेव्हा स्वर वर्ज्य ठरतो तो तिथे ठहराव व वजन न मिळाल्याने, असे म्हणणे अधिक नेमके होईल. पेटीवर मींड निघत नसल्यामुळे हा भेद शिकणाऱ्यास तिच्यावरून समजत नाही.

बागेश्रीतील पंचमाबाबत एकमत नाही: काही तो सर्वस्वी वर्ज्य मानतात, काही फक्त आरोहात, तर काही दोन्हीकडे अल्प प्रमाणात घेतात. मालश्री हा राग प्रामुख्याने षड्ज, गांधार व पंचम यांवरच उभा असल्याने पाच स्वरांच्या नियमाला अपवाद ठरतो. नाट्यसंगीतात व भावगीतात वर्ज्य स्वराचे बंधन बरेच शिथिल असते.