मॅक्रो प्रीप्रोसेसर

मजकुराच्या फायलीतील ठरावीक नावांच्या (मॅक्रोंच्या) जागी आधी नेमून दिलेला मजकूर भरून नवी फाईल तयार करणारी आज्ञावली. पुढचा प्रोग्रॅम ही तयार फाईल वाचतो. बदल मात्र मूळ फाईलमध्येच करायचे असतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. असेंब्ली (यंत्र-आज्ञांच्या अगदी जवळच्या) भाषांतील मॅक्रो १९५० च्या दशकातच वापरात आले होते, म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथे धरतात. डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६० मध्ये ही कल्पना उच्चस्तरीय (माणसाला वाचायला सोप्या) भाषांपर्यंत नेली. तथापि कोणत्याही एका भाषेला न बांधलेले, निव्वळ मजकुरावर चालणारे साधन या अर्थाने ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांच्या जीपीएमला (जनरल पर्पज मॅक्रोजनरेटर, १९६५) अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. ते सुमारे २५० यंत्र-आज्ञांत मावत असे. डेनिस रिची यांचे एम३ आणि ब्रायन कर्निगन व रिची यांचे एम४ (१९७७) हे मॅक्रो प्रीप्रोसेसर त्याच परंपरेतले. सी भाषेचा प्रीप्रोसेसर १९७२-७३ च्या सुमाराचा. त्यात आरंभी प्राचले (मॅक्रोला वापरताना पुरवायची मूल्ये) नव्हती, ती पुढे आली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात एकच सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढावी लागते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना घेऊ. तारीख, वेळ, स्थळ एकदाच लिहून भाषेची अट घातली, की एका फाईलमधून दोन्ही सूचना निघतात. शहराचे नाव कन्नड प्रतीत बेळगावी (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत) आणि मराठीत बेळगाव असे आपोआप पडते.

मराठीत खरी अडचण सामान्यरूपाची. बेळगावला ‘आत’ जोडून ‘बेळगावात’ बिनचूक होते. खानापूरचे मात्र ‘खानापूरात’ होते, हवे असते ‘खानापुरात’. म्हणून अशा गावांची दोन रूपे दोन मॅक्रोंत ठेवणे इष्ट. दुसरी अडचण स्वल्पविरामाची. एम४ स्वल्पविरामाने प्राचले तोडतो, त्यामुळे १,२५,००० ही रक्कम अवतरणाविना दिली तर मॅक्रोत फक्त १ उरतो. हा दोष क्षुल्लक मानू नये. सभासदाच्या हाती चुकीच्या रकमेची नोटीस पडते. रक्कम नेहमी अवतरणातच द्यावी.

जीएनयू एम४ (एम४ ची मुक्त आवृत्ती) च्या प्रचलित १.४ मालिकेत मॅक्रोची नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. त्याचा फायदाही आहे : देवनागरी वा कन्नड मजकुरातला शब्द चुकून मॅक्रो ठरत नाही. लांबी मात्र एम४ अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये (साठवणीच्या एककात) मोजतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘खानापूर’ची लांबी २१ येते, कारण त्यातील सातही चिन्हे प्रत्येकी तीन बाइटची असतात. मजकुराचा तुकडा काढताना अक्षर मधेच कापले जाऊ शकते, म्हणून ते काम एम४ कडे देऊ नये.

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्रीय विद्यापीठाच्या जुन्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमात ‘सिस्टीम सॉफ्टवेअर’ या विषयात मॅक्रो प्रोसेसरचा समावेश होता.