डायरेक्ट नाईट डाईव्ह का देत नाही? बुकिंगआधी एवढं वाचा

आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "डायरेक्ट नाईट डाईव्हच (म्हणजे रात्रीचं स्कूबा, सिलेंडर लावून समुद्रात उतरणं) करता येईल का?" तर नाही, डायव्हिंगचं सर्टिफिकेट असलं तरी नाही. आधी दिवसा त्या रीफवर (पाण्याखालच्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर) एक डाईव्ह करायची आणि मग अंधार पडल्यावर परत तिथेच उतरायचं. काही जणांना वाटतं की दोन डाईव्हचे पैसे काढायला हे चाललंय, वाटू दे, पण जो खडक दिवसा बघितलाय तो रात्री टॉर्चच्या उजेडात ओळखू आला की माणसाची अर्धी भीती तिथेच जाते.

आधी दिवसाचं. पाण्यात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे रंग गेले! पाणी लाल रंग आधी खाऊन टाकतं, पाच-दहा मीटरनंतर लाल जवळपास उरतच नाही, पंधरा-वीस मीटरवर बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं. त्यामुळे फोटोत बघितलेलं लालभडक कोरल खाली गेल्यावर निळसर-राखाडी दिसलं तर आमच्यावर चिडू नका. मासे मात्र दिवसाच जास्त, क्लाउनफिश आपल्या अॅनिमोनीत (खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी) आत-बाहेर करत असतो आणि पॅरटफिश चोचीने खडक खरवडत असतो, तो कुरुमकुरुम आवाज नीट ऐकू येतो. मग मागून भसकन पांढरी वाळू सोडून तो निघून जातो. कोरल रीफजवळच्या पांढऱ्या बीचची बरीचशी वाळू अशीच आलेली असते, आता त्यावर लोळायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

संध्याकाळी रीफची शिफ्ट बदलते. दिवसाचे मासे कपारीत शिरतात आणि शेवंड, खेकडे, ऑक्टोपस, मोरे ईल असली मंडळी बाहेर पडतात. टॉर्च फिरवला की कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. आणि गंमत म्हणजे रंग रात्रीच जास्त दिसतात, कारण टॉर्चचा उजेड हातभर अंतरावरून येतो, मधे पाणी कमी, त्यामुळे लाल खाल्लाच जात नाही. दिवसा जो दगड म्हणून सोडून दिला होतात तो रात्री केशरी निघतो!

कोरल म्हणजे दगड नाही, हजारो बारीक प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते दिवसा उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. रात्री मात्र बरेचसे पॉलिप, म्हणजे हेच ते बारीक प्राणी, तोंडं उघडून बारीक बारीक हात बाहेर काढतात. टॉर्च एका कोरलजवळ मिनिटभर स्थिर धरा, उजेडाला बारीक किडे जमा होतात, त्यातला एखादा त्या हातांना चिकटतो आणि हात हळूच आत वळतात. आमच्या मते अख्ख्या नाईट डाईव्हमधली हीच सगळ्यात भारी गोष्ट, पण लोक शार्क शार्क करत पुढे निघून जातात. हात मात्र लावायचा नाही, काही जातींचं मोठं कोरल वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं, तुमच्या फिनची (पायात घालायच्या रबरी पंखाची) एक लाथ म्हणजे त्याची कितीतरी वर्षं गेली.

झोपलेल्या माशावर टॉर्च रोखून धरू नका. काही जातींचे पॅरटफिश स्वतःभोवती बुळबुळीत पारदर्शक पिशवी बनवून झोपतात, बघायचं आणि उजेड बाजूला घ्यायचा. लायनफिश तर इतका हुशार की तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करतो, तुम्ही ज्याच्यावर उजेड पाडाल तो गेलाच समजा.

आता कामाचं. सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हो, साधी कॉम्प्रेस केलेली हवा असते. दहा मीटरवर प्रेशर वरच्या दुप्पट होतं, म्हणजे तीच हवा अर्धा वेळ पुरते, आणि घाबरून धापा टाकल्या तर अजून लवकर संपते, म्हणून दर थोड्या वेळाने हवा किती उरली ते दाखवणारा गेज बघायचा. श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही, कारण आतली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते. कान दुखला की थांबायचं, थोडं वर यायचं, नाक दाबून हलकेच हवा सोडायची, तरी मोकळा नाही झाला तर त्या दिवशी डाईव्ह नाही. सर्दी असेल तर आधीच सांगा.

अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला"! एकदा एका काकांनी कासव बघून आनंदात अंगठा दाखवला आणि आम्ही त्यांना सरळ वर घेऊन आलो, ते अजून बोलून दाखवतात. रात्री हात दिसत नाहीत म्हणून टॉर्चने खुणा करायच्या, गोल फिरवला तर ठीक, जोरात आडवा हलवला तर प्रॉब्लेम. समोरच्याच्या डोळ्यात टॉर्च मारायचा नाही. प्रत्येकाकडे दोन टॉर्च, एक बंद पडला की दुसरा काढून डाईव्ह संपवायची.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. रात्री तिथे कधी कधी सगळे टॉर्च छातीशी धरून झाकतो आणि हात हलवायला सांगतो, नशीब असेल तर बोटांभोवती निळसर ठिणग्या उडतात. दर वेळी दिसतीलच अशी गॅरंटी देत नाही.

आणि हो, परतीचं विमान. एकच डाईव्ह केली तर किमान 12 तास, दिवसाची आणि रात्रीची दोन्ही केल्या तर किमान 18 तास उडायचं नाही. म्हणजे रात्री नऊला पाण्याबाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आधीचं तिकीट काढू नका, आणि आधीच काढलं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नाईट डाईव्ह आदल्या दिवशी घेऊ.