‘सोप्योन्जे’ची पार्श्वभूमी: पान्सोरी गाणाऱ्यांचा तीनशे वर्षांचा प्रवास

एप्रिल १९९३ मध्ये सोलच्या दानसोंगसा चित्रपटगृहात ‘सोप्योन्जे’ लागला, तेव्हा तो चालेल असं खुद्द दिग्दर्शक इम क्वोन-तेक यांनाही वाटत नव्हतं. गावोगाव फिरून गाणारा एक फाटका माणूस, त्याची दोन मुलं आणि तरुणांनी केव्हाच ऐकायचं सोडलेलं जुनं गाणं, एवढंच त्यात होतं. काळही वाईट होता. १९८८ पासून हॉलिवूडच्या कंपन्या कोरियात स्वतःच चित्रपट वितरित करू लागल्या होत्या आणि १९९३ पर्यंत देशी चित्रपटांचा बाजारातला वाटा जेमतेम १६ टक्क्यांवर आला होता. इम यांना खरं तर ‘थेबेक पर्वतरांग’ या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट करायचा होता. विषय डाव्या बंडखोरांचा, त्यामुळे सरकारी दडपणाने तो लांबला आणि मधल्या काळात त्यांनी ई छोंग-जून यांच्या कथा हाती घेतल्या. हा चित्रपट पुढे कित्येक महिने चालला. एकट्या सोलमध्ये दहा लाखांहून जास्त प्रेक्षक मिळवणारा तो पहिला कोरियन चित्रपट ठरला.

हे यश समजून घ्यायचं तर आधी पान्सोरी समजून घ्यायला हवी. गायक एकटा, उभा, हातात पंखा. शेजारी चटईवर बसलेला एक ढोलवाला. बस्स. गायक एकच मोठी कथा सांगतो. थोडं बोलून, थोडं गाऊन, अधूनमधून हातवारे करून, आणि पात्रं सगळी तोच. आपल्याकडच्या कीर्तनकाराची आठवण यावी असा हा प्रकार. पूर्ण कथा गायला कित्येक तास लागतात, काहींना आठ-आठ तासही. लय ‘जिनयांग’च्या संथ ठेक्यापासून ‘ह्विमोरी’च्या धावत्या ठेक्यापर्यंत जाते. ढोलवाल्याचं काम नुसता ठेका धरण्याचं नसतं. गायकाचा श्वास कुठे अडखळतोय, कुठे त्याला उचलून धरायचं हे ओळखून तो मध्येच ‘ओल्शीगू!’, ‘छोता!’ अशी दाद देतो. श्रोत्यांनीही ती द्यायची असते; श्रोते गप्प बसले तर पान्सोरी अर्धीच राहते. ‘आधी ढोलवाला, मग गवई’ अशी कोरियन म्हणच आहे. चित्रपटाच्या शेवटी वर्षांनुवर्षं दुरावलेले भाऊ-बहीण रात्रभर गातात आणि वाजवतात. ओळख पटलेली असूनही दोघं एक शब्द त्याबद्दल बोलत नाहीत. ही म्हण ठाऊक असेल तर त्या प्रसंगाचं वजन कळतं. बोलायचं ते सगळं ढोलावर बोलून झालेलं असतं.

पान्सोरीचा उगम साधारण सतराव्या-अठराव्या शतकातला, कोरियाच्या नैर्ऋत्येकडल्या जोल्ला प्रांतातला. तिथल्या मांत्रिक घराण्यांत बायका देवीदेवतांचे विधी करत आणि पुरुष वाद्यं वाजवत, गात. त्यांच्यातूनच हे गायक निघाले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. समाजाच्या उतरंडीत त्यांची जागा अगदी तळाला होती. गाणं सगळ्यांना हवं, गाणारा मात्र कुणाला नको, अशी गत. क्वोन साम-दुक (१७७१–१८४१) हे उलट उमराव घराण्यात जन्मलेले. पोरगं गाण्याच्या नादी लागून घराण्याला बट्टा लावतंय म्हणून भाऊबंदांनी त्यांना गवताच्या चटईत गुंडाळून मारायचं ठरवलं, अशी दंतकथा आहे. मरण्याआधी एकदा गाऊ द्या, एवढंच त्यांनी मागितलं. गाणं ऐकून त्यांचा जीव वाचला, पण वंशावळीतून नाव खोडलं गेलं. ‘सोप्योन्जे’तला गाणारा बाप यू-बोंगही गुरूच्या घरातून हाकलला गेलेला आहे. जाऊ तिथे परका असलेल्या या माणसामागे अशा कितीतरी गोष्टी उभ्या आहेत.

एकेकाळी बारा कथा गायल्या जात, आज पाच उरल्यात: छुनह्यांग-गा, सिमछोंग-गा, हुंगबो-गा, सुगुंग-गा आणि जोकब्योक-गा. सुगुंग-गात समुद्राच्या राजाला औषध म्हणून सशाचं यकृत हवं असतं आणि ससा ‘ते तर घरी राहिलं’ म्हणून निसटतो. माकड आणि मगरीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, आणि ते योग्यच आहे. भारतातली जातककथा बौद्ध धर्माबरोबर तिथवर पोचली. या कथांना लिखित, नेटकं रूप देण्याचं मोठं काम गोछांगच्या शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) यांनी केलं. ते स्वतः गवई नव्हते, पण गवयांना आसरा देत आणि शिकवत. त्यांनीच तयार केलेली जिन छे-सोन ही पहिली नामांकित स्त्री गायिका. १८६७ मध्ये ग्योंगबोक राजवाड्याच्या पुनर्बांधणीच्या सोहळ्यात ती गायली. तोवर ही कला पुरुषांचीच होती. चित्रपटातली गाणारी मुलगी सोंग-ह्वा या वाटेवरची उशिराची वारसदार आहे.

आता नावाबद्दल. सोमजिन नदीच्या पूर्वेकडचं ते ‘दोंगप्योन्जे’ घराणं आणि पश्चिमेकडचं ते ‘सोप्योन्जे’. पूर्वेकडची गायकी सोंग हुंग-नोक यांच्यापासून धरतात: दमदार, सरळ, ओळीचा शेवट ठामपणे तोडणारी. पश्चिमेकडची पाक यू-जोन यांच्यापासून: हळवी, नक्षीदार, शेवटचा स्वर लांबवत नेणारी. उत्तरेकडे ‘जुंगोजे’ नावाचं तिसरं घराणंही होतं, ते आता जवळजवळ संपलं. चित्रपटाला पश्चिमेचं नाव असलं, तरी मरणाच्या दारात यू-बोंग मुलीला सांगतो ते वेगळंच: दुःखाच्या पलीकडे गेलं की पूर्व-पश्चिम काही उरत नाही.

विसाव्या शतकाने या गायकांना आधी सोलच्या रंगमंचावर नेलं. १९०२ च्या सुमारास सरकारी नाट्यगृह उभं राहिलं आणि एकट्याने सांगायची कथा अनेक पात्रांत वाटून नाटकासारखी होऊ लागली. १९१० ते १९४५ जपानी राजवट होती. त्या काळात ग्रामोफोनने पान्सोरी घराघरांत नेली. गायक इम बांग-उल यांची, छुनह्यांग-गातल्या नायिकेच्या तुरुंगातल्या विलापाची तबकडी तुफान खपली. मग देशाचे दोन तुकडे झाले, युद्ध झालं, अमेरिकी सैन्याबरोबर त्यांची गाणी आली. हा सगळा इतिहास दिग्दर्शक इम क्वोन-तेक यांनी एका प्रसंगात बसवलाय. बाजारात यू-बोंगचं गाणं रंगात आलेलं असतं, इतक्यात पितळी वाद्यांचं पथक ‘बेसामे मूचो’ वाजवत येतं. गर्दी तिकडे वळते आणि गाणाऱ्याचा आवाज ऐकूच येईनासा होतो. पान्सोरीला कुणी बंदी घालून मारलं नाही. तिचे श्रोते उठून गेले. माझ्या मते चित्रपटाचं खरं दुःख हेच आहे, आणि पुढच्या क्रौर्याचं मूळही इथेच आहे.

मुलगा दोंग-हो उपासमारीला कंटाळून पळून जातो, सोंग-ह्वाचं गाणं बंद पडतं, आणि बाप तिला बचनागाच्या जातीचं मूळ औषध म्हणून पाजून आंधळं करतो. ती जाऊ नये म्हणून, आणि वेदनेतून आवाज यावा म्हणून. सिमछोंग-गात नेमकं याच्या उलट घडतं: आंधळ्या बापाला दिसावं म्हणून मुलगी तीनशे पोती तांदळांच्या मोबदल्यात खलाशांना स्वतःला विकते आणि समुद्रात उडी घेते. सोंग-ह्वा तेच गाते. आत साचलेल्या दुःखाशिवाय पान्सोरी होत नाही, हा विचार चित्रपटामुळे सर्वत्र पसरला, पण तो अर्धाच खरा आहे. हुंगबो-गातला दुष्ट भाऊ नोलबू घ्या. इतरांच्या पोटात असतात त्याहून एक अवयव याला जास्त, बरगडीखाली लटकणारी ‘खोडसाळपणाची पिशवी’! मग तो गरोदर बाईच्या पोटात लाथ मारतो, पिकत्या भोपळ्यात खुंटी ठोकतो, अशी त्याच्या खोड्यांची लांबच लांब यादी गायक धावत्या लयीत म्हणतो आणि लोक हसून लोळतात. आंधळं करून कुणाला हे गाता येत नाही. यू-बोंगचं तत्त्वज्ञान हे श्रोते गमावलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे. त्याला परंपरेचा निकाल समजू नये.

चित्रपटातच त्याचा पुरावा आहे. छोंगसान्दो बेटावर दगडी बांधांमधल्या वाटेने तिघं लांबून चालत येतात आणि ‘जिन्दो आरिरांग’ हे लोकगीत म्हणतात. कॅमेरा पाच मिनिटांहून जास्त वेळ कट न घेता त्यांची वाट पाहतो. आधी बाप-लेक गातात, मग रुसलेला मुलगा ढोल वाजवू लागतो, आणि कॅमेऱ्याजवळ येईपर्यंत तिघंही नाचत असतात. हे खोटं वाटत नाही, कारण गाणारे खरे होते. यू-बोंग झालेले किम म्योंग-गोन, ज्यांनी पटकथाही लिहिली, पान्सोरी शिकलेले होते. सोंग-ह्वा झालेली ओ जोंग-हे ही थोर गायिका किम सो-ही यांची शिष्या. तिचा हा पहिलाच चित्रपट. शांघायच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इम यांना दिग्दर्शनाचा आणि तिला अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

सरकारने १९६४ मध्येच पान्सोरीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला होता. निवडक गायकांना मानधन मिळू लागलं, त्यांनी शिष्य घडवावेत अशी अट होती. २००३ मध्ये युनेस्कोनेही तिची दखल घेतली. या आधारामुळेच ही विद्या टिकली. पण पूर्वी प्रत्येक मोठा गवई कथेत स्वतःची एखादी जागा घाली आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाई. गुरूची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला जुने जाणकार ‘फोटोतलं गाणं’ म्हणून हिणवत. दर्जा मिळाल्यावर ठरलेला पाठ जपणं महत्त्वाचं झालं आणि नव्या जागांची वाट अरुंद होत गेली. आज जोल्लात आणि सोलमध्ये शिकणारी मुलं याच ओढाताणीत गातात, आणि त्यांच्यातली काही जण पाच कथांच्या बाहेर जाऊन नव्या कथा रचू लागली आहेत.