गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

ग्लासभर दूध प्यायलं की तासाभरात पोट गुडगुडायला लागतं, ताक मात्र तांब्याभर पचतं. असं कुणीतरी बहुतेक घरांत असतं आणि 'नखरे करू नकोस' हे त्याला ऐकावं लागतं. खरं तर ते नखरे नव्हेतच. दुधातली लॅक्टोज ही साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर तान्हेपणी भरपूर तयार होतं. अंगावरचं दूध सुटल्यावर ते कमी होत जाणं, हीच सस्तन प्राण्यांची मूळ रीत. (ताकातली थोडी साखर जिवाणूंनी आधीच संपवलेली असते.)

मोठेपणी दूध पचणं हा अपवाद, आणि तो बऱ्याच लोकांत डीएनएच्या एका अक्षरामुळे घडला. दुसऱ्या गुणसूत्रावर लॅक्टेजचं जनुक आहे. त्याच्या १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या जनुकाच्या पोटात, डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी 'सी'च्या जागी 'टी' आला की लॅक्टेज आयुष्यभर तयार होत राहतं. गुरं राखणाऱ्या समाजांत हा 'टी' बाळगणाऱ्यांची मुलंबाळं जास्त तगली.

मला भुरळ पडते ती त्याच्या आजूबाजूच्या अक्षरांची. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, पत्ते पिसावेत तशी. सावकाश पसरणाऱ्या अक्षराचे शेजारी त्यात केव्हाच पांगतात. 'टी' इतक्या झपाट्याने पसरला की पिसायला पुरेशा पिढ्याच मिळाल्या नाहीत. उत्तर युरोपात हा 'टी' असलेल्या गुणसूत्रांवर त्याच्या भोवतीचा सुमारे १० लाख अक्षरांचा पट्टा बहुतांशी सारखाच सापडतो. त्यातल्या बाकी अक्षरांचा दूध पचण्याशी काही संबंध नाही. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा घडली, एवढंच. असा लांबलचक एकसारखा पट्टा दिसला की अभ्यासक ओळखतात, इथे नैसर्गिक निवड जोरात झाली आहे.

केनिया-टांझानियाच्या गुराख्यांतही असाच पट्टा आहे, पण त्याच्या मध्यभागी वेगळंच अक्षर बदललेलं आहे, लॅक्टेजच्या जनुकाच्या १४,०१० अक्षरं आधी. गरज तीच, वाट स्वतंत्र.

मग भारतात काय? आपली वशिंडाची गाय सिंधूच्या खोऱ्यात माणसाळली, युरोपातल्या गाईंची पूर्वज पश्चिम आशियात. त्यामुळे इथेही नवं अक्षर सापडायला हवं होतं. सापडला तो मुख्यतः युरोपातलाच 'टी', आणि भोवतीचा पट्टाही तोच! गुरं निरनिराळी, पण हा 'टी' एकाच मूळ पूर्वजाकडून दोन्हीकडे आलेला. वायव्येकडे आणि पशुपालक समाजांत तो जास्त आढळतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे विरळ होत जातो.